बाबांचा रेग्युलेटर आणि नवऱ्याचा

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज येतो तो खालच्या कॉम्प्रेसरचा आणि दुसरा बाबांचा. कॉम्प्रेसर निदान हवेच्या टाक्या भरल्या की थांबतो.

खाली डाइव्हिंगचं सेंटर आणि वर्कशॉप, वर आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि माझा नवरा. बाबा उभा जन्म बंदरात पाणबुडे होते. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुरफटलेले दोर कापायचे, पाण्यात पडलेलं काहीबाही शोधून वर आणायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर माणूस घरी आराम करतो. बाबांनी सेंटर काढलं. तिथे शिकवायला म्हणून एक मास्तर ठेवला, त्या मास्तराशी मी लग्न केलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा होतोय.

कारण रेग्युलेटर.

रेग्युलेटर म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र. टाकीत हवा इतकी ठासून भरलेली असते की ती थेट तोंडात आली तर छातीचा फुगा फुटेल. रेग्युलेटर तिचा जोर दोन टप्प्यांत उतरवतो, एकदा टाकीच्या तोंडाशी आणि एकदा आपल्या तोंडाशी, आणि आपण ओढू तेवढीच हवा देतो. एवढंच त्याचं काम. यावरून एखाद्या घरात जेवणं थंड होतील असं कुणाला वाटणार नाही.

बाबांचा रेग्युलेटर वयाने माझ्याहून थोडाच लहान. पितळेचा, वरचा मुलामा जागोजागी उडालेला, हातात घेतला तर तराजूच्या वजनासारखा जड. आत भाग मोजकेच. नवऱ्याचा गेल्या वर्षीचा, काळा, हलका, एका बाजूला हवा हलकी-जड करायचा नॉब आणि खाली हवेचा झोत कमी-जास्त करायचा एक खटका.

"यात बिघडायला आहे काय?" बाबा आपला उचलून विचारायचे. "एक दट्ट्या, एक स्प्रिंग. तुमच्या त्या खेळण्यात किती तुकडे आहेत, जावईबापू? मोजलेत कधी?"

"बाबा, टाकी निम्मी झाली की तुमच्यातून हवा ओढताना मानेच्या शिरा ताणतात. माझ्यात पहिला श्वास आणि शेवटचा श्वास सारखाच."

"शिरा ताणल्या की कळतं, हवा संपत आली. तुम्हाला कळणार कसं?"

"गेज बघून! किती हवा उरली ते काटा सांगतो!"

"म्हणजे गेजवर भरवसा, स्वतःच्या छातीवर नाही."

हे नाश्त्याला. जेवताना पुन्हा पहिल्यापासून. आई ताटं मांडायची, मध्ये ब्रही काढायची नाही. एकदा मी तिला विचारलं, तुला कंटाळा कसा येत नाही. म्हणाली, "मला पोहता येत नाही ना, म्हणून मी या घरात शहाणी राहिले."

इतके दिवस हा नुसता काथ्याकूट होता, म्हणून मी कानाडोळा करत होते. पण शिकाऊ लोकांना देतो ते सेंटरचे सेट बाबांच्याच जातीचे होते, आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. एका रबरी रिंगसाठी मी दहा ठिकाणी फोन करायचे आणि पलीकडून हसू ऐकायचे. नवरा म्हणाला, सगळे बदलून टाकू. बाबा म्हणाले, माझ्या हयातीत नाही. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दुरुस्ती मी करते, तेव्हा निकाल मी द्यायचा.

"दे ना एकदाचं सांगून," नवरा म्हणाला.

"खरं ते सांग," बाबा म्हणाले. "मुलगी म्हणून सांगू नकोस."

"बायको म्हणूनही नको," हा लगेच.

मी म्हटलं ठीक आहे. दोन्ही रेग्युलेटर टेबलावर ठेवा आणि वर्कशॉपच्या बाहेर व्हा. दोघं बाहेर झाले आणि काचेला नाक लावून उभे राहिले.

मी दोन्ही उघडले, धुतले, रिंगा बदलल्या. बाबांच्यासाठी मी सुट्या भागांचा एक संच जिवापाड जपून ठेवला होता, तो वापरला. दोन्ही बाकावरच्या गेजला लावले, दोन टप्प्यांमधला दाब बघितला, किती ओढल्यावर हवा सुटते ते बघितलं, टबात बुडवून कुठून बुडबुडा येतो का ते पाहिलं. बाबांचा थोडा जड निघाला, पण आपल्या वयाच्या मानाने झकास. टबातही शांत. नवऱ्याचा लोण्यासारखा. दार उघडून मी सांगितलं, "दोन्ही पास."

दोघांचेही चेहरे पडले.

"पास म्हणजे?" बाबा म्हणाले. "पहिला कोण?"

"हे बघ," नवरा म्हणाला, "टबात काय, कुठलाही चालतो. खरी परीक्षा खाली. थंड पाण्यात."

"हे मात्र बरोबर बोलले," बाबा म्हणाले. हे दोघं एकमेकांशी सहमत झाले की समजावं, माझी रविवारची सुट्टी गेली.

आमच्या इथून गाडीने जायच्या अंतरावर दगडाची जुनी खाण आहे. उपसा बंद झाल्यावर तिच्यात पाणी भरलं आणि तळं झालं. वरचं पाणी उन्हाने कोमट, पण जरा खाली गेलं की एकदम रेघ मारल्यासारखी थंडी सुरू होते, दात वाजतील अशी. तळाशी शिकाऊंसाठी एक लोखंडी चौथरा सोडलेला आहे. ठरलं असं, की दोघांनी आपापला रेग्युलेटर लावून चौथऱ्यापर्यंत जायचं, थोडा वेळ काढायचा आणि वर यायचं. पंच मी.

बाबांच्या वयाचं काय, असं कुणी विचारेल. दर वर्षी डॉक्टर त्यांना तपासतात आणि दर वर्षी थोडं निराश होऊन परवानगी देतात. तरीही मी काठावर म्हटलं, "बाबा, तुमच्या सेटला जादा माउथपीस नाही. माझ्याकडचा एक जोडून देते."

हल्ली प्रत्येकाच्या सेटला एक जादाची नळी असते, तिच्या टोकाला पिवळा माउथपीस. सोबत्याची हवा संपली तर तो त्याला द्यायचा. बाबांना ती लोंबकळ वाटते.

"आम्ही एका माउथपीसवर दोघं वर यायचो," ते म्हणाले. "आळीपाळीने. दोन श्वास तू, दोन श्वास मी."

"आता ते कुणी शिकवत नाही, बाबा," नवरा म्हणाला.

"म्हणून तर ही अवस्था आहे."

मी हात टेकले आणि मास्क चढवला.

वरच्या पाण्यात सगळं सुरळीत. बाबा पुढे, अगदी सावकाश, पाय हलताहेत की नाही कळू नये असे. पाण्याबाहेर त्यांचा गुडघा कुरकुरतो, पाण्यात ते तरुण माणसासारखे सरकतात. नवरा त्यांच्या शेजारी. मी जरा वर आणि मागे. थंडीची रेघ ओलांडली तशी गालांना सुया टोचल्या. खाली चौथरा दिसायला लागला आणि नवऱ्याने बुडण्याचा वेग कमी करायला जॅकेटात हवा भरायचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी जोरात श्वास ओढला.

काय झालं ते मी आधी ऐकलं, मग बघितलं. पाण्याखाली एकदम नळ फुटल्यासारखा आवाज. त्याच्या तोंडातून पांढऱ्या बुडबुड्यांचा खांब वर निघाला. रेग्युलेटर उघडाच राहिला होता; जोर उतरताना हवा गार पडते, त्यात हे थंड पाणी, आत बर्फ धरला होता आणि हवा थांबायचं नाव घेईना. नवरा शेकडो लोकांना हेच शिकवतो: घाबरू नका, सुटणाऱ्या हवेतूनच ओठांनी घोट घोट घ्या, सोबत्याकडे जा. पण स्वतःचं तोंड धबधब्याखाली असलं की मास्तरही माणूस होतो. त्याने माउथपीस ओढून बाहेर काढला, स्वतःचा पिवळा साफ विसरला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

बाबा हाताच्या अंतरावर होते. त्यांनी एका हाताने त्याच्या जॅकेटचा पट्टा घट्ट पकडला, दुसऱ्या हाताने स्वतःच्या तोंडातला माउथपीस काढून त्याच्या तोंडात दिला. इतकं शांतपणे, जसं कुणी वर्तमानपत्राचं पान पुढे करावं. नवऱ्याने ओढला. त्याचे डोळे मास्कमध्ये मोठे झाले. पुन्हा ओढला, मान हलवली, हाताने खूण केली: हवा नाही. आणि थुंकल्यासारखा तो माउथपीस सोडून दिला.

तोवर मी पोचले होते. माझा पिवळा माउथपीस त्याच्या तोंडात अक्षरशः कोंबला, बटण दाबून पाणी उडवलं आणि त्याची मान धरून ठेवली. त्याने श्वास घेतला. आणखी एक. बाबांनी आपला माउथपीस परत तोंडात घालून, काही घडलंच नाही अशा थाटात, वर जायची खूण केली. आम्ही सावकाश वर आलो, अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून वरच्या थरात थांबायचं तेवढं थांबलो. नवऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले.

डोकी पाण्याबाहेर आली. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, वाचलो बुवा. किंवा नुसतंच रडेल. मी स्वतः रडायच्या बेतात होते.

"बघितलंत तुमचं खेळणं?" बाबा म्हणाले.

"आणि तुमचं?" नवरा खोकत म्हणाला. "भिंत चोखतोय असं वाटलं! हवाच येईना!"

"येत होती. ओढायला दम लागतो."

"दम असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मी त्या पाण्यातच एवढ्या जोरात ओरडले की काठावरच्या कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. काय ओरडले ते इथे लिहिण्याजोगं नाही. घरी जाईपर्यंत गाडीत मला माहीत होतं की दोघं मनातल्या मनात पुढचा मुद्दा तयार करताहेत.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा रेग्युलेटर मी बाकावर घेतला. नॉब शेवटापर्यंत सैल. खटकाही नको त्या बाजूला. मी पास केला तेव्हा दोन्ही जागच्या जागी होते.

"तू याला हात लावलास?"

"थोडासा. ओढायला मस्त लागतो म्हणून."

"थोडासा? अरे, थंड पाण्यात असा उघडा ठेवला तर तो सुटणारच ना! तू शिकवतोस ना हे लोकांना?"

"त्यांना शिकवतो," तो म्हणाला, आणि स्वतःचं वाक्य स्वतःच्याच कानावर पडल्यावर नॉबकडे बघायला लागला.

खरं सांगायचं तर मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला होता. कोमट पाण्याच्या टबात बुडवून, गेजकडे बघून मी ऐटीत पास म्हटलं होतं. माझ्या हातून सुटल्यावर यंत्र माणसाच्या हातात जातं, हे मी हिशेबातच घेतलं नव्हतं.

बाबा त्यांचा रेग्युलेटर द्यायला तयार होईनात. "त्याला काय झालंय? तोच तर चालला." मी म्हटलं, बरं, नका देऊ. पण तुमचं ते एका माउथपीसवर दोघांनी यायचं तंत्र तुम्ही याला शिकवणार. पोहण्याच्या तलावात, आजच. आणि मलाही. नवरा कुरकुरला, बाबांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. मी टाकी गाडीत ठेवून आले आणि हॉर्न वाजवत बसले.

पोहण्याच्या तलावात शिकाऊंची वेळ संपली होती. उथळ बाजूला दोघं गुडघ्यांवर बसले. दोन श्वास हा, दोन श्वास तो, मधल्या वेळात ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. नवरा दुसऱ्याच फेरीला वर येऊन खोकायला लागला.

"खरंच जड आहे गं. नाटक नाही करत."

"सवय लागते," बाबा म्हणाले. पण ते स्वतः धापा टाकत होते. कमरेएवढ्या पाण्यात, भरलेल्या टाकीवर.

"सरक," मी नवऱ्याला म्हटलं, आणि त्याच्या जागी जाऊन बसले. बाबांनी माउथपीस माझ्या हातात दिला. मी ओढला.

इतकी वर्षं मी तो उघडला, धुतला, गेजला लावला. तोंडात कधीच घातला नव्हता; बाबांचा म्हणजे बाबांचा. पहिला श्वास घेतला आणि मला वाटलं कुणीतरी नळीवर पाय ठेवलाय. गेजवर मी बघितलं होतं त्याच्याशी याचा काडीचाही संबंध नव्हता. मी वर आले.

"बाबा, माझ्यानंतर तुम्ही हा उघडलात?"

"मी कशाला उघडू?"

मी माउथपीसमागचा डबा उलटा केला. नळी जिथे डब्याला जोडलेली असते तिथे टाकी बंद करून मी ती हातानेच सुटी केली; आतल्या स्क्रूवर पेचकस फिरवल्याच्या ताज्या खुणा होत्या. त्यांच्याखाली जुन्या. त्यांच्याखाली त्याहून जुन्या.

"बाबा."

"शिट्टी वाजते," ते म्हणाले. "तू देतेस ना, तेव्हा बारीक शिट्टी वाजते. हवा फुकट जाते. मग मी जरा आवळतो."

"दर वेळी?"

"जरासाच."

"आणि मग ओढायला जड जातं, ते कळत नाही तुम्हाला?"

ते पाण्याकडे बघत बसले. तलावाच्या कठड्याला हात टेकून, छाती वर-खाली होत होती ती लपवायचा प्रयत्न करत. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, माझंच वय झालं."

मी डबा कठड्यावर ठेवला.

"गेली काही वर्षं खाली गेलो की दम पुरत नाही," ते म्हणाले. "वाटलं छाती गेली. डॉक्टर म्हणतात छाती ठणठणीत. म्हटलं डॉक्टरांना काय कळतं, ते थोडेच पाण्यात जातात. तुला सांगितलं असतं तर तू सेटच कुलपात ठेवला असतास."

"म्हणून हा चांगला, हा चांगला करत बसलात?"

"यंत्र चांगलंच आहे. आता माणूस..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडले. चांगलं तोंडसुख घेऊन चिडले. दम लागतो म्हणून माणूस पोरीला सांगत नाही? दोन भिन्न माणसं, एक आवळतो, एक सैल करतो, आणि मी मध्ये बसून ठरवायचं की जुना बरा की नवा? तुमच्या हातात तिसरा कुठला दिला असता तरी तुम्ही त्याची वाटच लावली असती! आवाज पत्र्याच्या छपराला आपटून परत येत होता. बाबा पाण्यात बोट फिरवत ऐकत होते. नवऱ्याने तर मान इतकी खाली घातली होती की हनुवटी पाण्याला लागली.

मग गाडीतून हत्यारं आणली, कठड्यावर टॉवेल पसरला आणि स्क्रू सैल केला. शिट्टी वाजत होती ती एका झिजलेल्या रबरी चकतीमुळे. माझ्या जपून ठेवलेल्या संचात ती चकती नव्हतीच, आणि माझ्या टबात शिट्टी ऐकू आली नव्हती. बाबांचे कान माझ्यापेक्षा तिखट. त्या चकतीची जोड आता बाजारात नव्हती. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने बाबांकडे.

"नव्या सेटमधली बसेल का?" त्याने विचारलं.

"बसू शकते," मी म्हटलं. "मापाने."

बसली. हत्यारांच्या पेटीत त्याच्या सेटची एक जादा होती, ती थोडी घासावी लागली.

बाबा खाली गेले. आम्ही वरून बघत होतो. बुडबुडे सावकाश, एकसारखे येत राहिले, दोन बुडबुड्यांच्या गुच्छांमध्ये पुष्कळ अंतर. ते वर येईचनात. तलावाच्या एका टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले. नवरा म्हणाला, "बघ, आता बाबा आपल्याला जेवायलाही सोडायचे नाहीत."

वर आल्यावर बाबांनी मास्क कपाळावर केला. धाप नव्हती. मी वाट बघत राहिले. आभार मानायची त्यांना सवय नाही, तरी माणसाला आशा असते.

"फारच सैल केलास," ते म्हणाले.

"बाबा!"

"वाऱ्यासारखी हवा येते. सवय करावी लागेल." मग जरा थांबून, "बरी येते, पण."

त्याच संध्याकाळी मी दोघांना समोर बसवून निकाल सांगितला. शिकाऊंसाठी नवे सेट, कारण त्यांचे भाग मिळतात आणि जादा माउथपीस असतो. बाबांचा बाबांकडे, पण पिवळी नळी जोडून. पेचकस माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलूप लावून. नवऱ्याने नॉबला हात लावायचा तो मला विचारून. आणि थंड पाण्यात नेऊन आणल्याशिवाय मी कुठल्याही रेग्युलेटरला पास म्हणणार नाही. आईने हे ऐकून प्रथमच मत दिलं: "ही लहानपणीही अशीच होती."

वाटलं होतं, प्रकरण मिटलं. पुढच्या आठवड्यात तलावावर बाबा नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, तुमचा तो जरा द्या बघू. सहज."

नवऱ्याने दिला. बाबा एक लांब फेरी मारून आले. माउथपीस काढून त्याच्याकडे बघत म्हणाले, "वाईट नाही."

"म्हणजे मान्य?" नवरा उड्याच मारायला लागला. "नवा चांगला, मान्य?"

"मी मान्य कधी म्हणालो? वाईट नाही म्हणालो. आणि ती चकती मला आधीच दिली असती, तर माझा यापेक्षा सरस चालला असता."

"माझ्याच जातीतली चकती ती! म्हणजे चांगला कोण झाला?"

"पितळात बसवली म्हणून चालली. तुमच्या प्लास्टिकात..."

मी मास्क चढवला, हाताला आला तो माउथपीस तोंडात घातला आणि खाली गेले. खोल बाजूला, तळाच्या फरशीवर, मांडी घालून बसले. वर दोघांचे पाय दिसत होते, आणि पाण्यावर हातवारे. ऐकू मात्र काही येत नव्हतं, फक्त माझाच श्वास. टाकी पुरेशी भरलेली होती. मी वर जायची अजिबात घाई केली नाही.